अवसेच्या मंगळवारची गाडी

रिकाम्या आगगाडीला एक वास असतो. नव्या रेक्झिनचा, थंड हवेचा, आणि कुणीच न उघडलेल्या उपम्याच्या खोक्यांतून झिरपणाऱ्या कढीपत्त्याचा. भरलेल्या गाडीत तो सापडत नाही. तिथे केसांचं तेल, कुणाच्या पिशवीतली केळी, तान्ह्या मुलांच्या दुधाचा आंबूसपणा यांच्याखाली तो बुजून जातो. मला तो पहिल्यांदा आला एका अमावास्येच्या मंगळवारी, पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या गाडीत, आणि छातीवर कित्येक आठवडे बसून राहिलेलं काहीतरी त्या वासासरशी हललं.

ती गाडी खासगी होती. रूळ सरकारचे, इंजिन सरकारचं, ते चालवणाराही सरकारचाच. पण डबे एका कंपनीने घेतलेले, आणि खुर्च्या, पडदे, न्याहारी, तिकिटं, दारात हात जोडून उभ्या असलेल्या मुली हे सगळं त्या कंपनीचं. मी कंपनीच्या नोकरीत नव्हते. मी हिंजवडीतल्या एका कचेरीत मराठी मजकूर लिहिते. कुणाचं संकेतस्थळ, कुणाच्या सूचना, कुणाची पत्रकं. कॉलेजात कवितेवर जीव टाकलेल्या मुलीला पुढे जे काम मिळतं, त्यातलं हे बरंच सभ्य काम. या गाडीचा सगळा मराठी मजकूर माझ्या वाट्याला आला होता. स्थानक जवळ आल्याची सूचना, न्याहारीचं पत्रक, आणि एक चकचकीत पुस्तिका. जेवणाचा ठेका घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी ती होती, आणि त्या पुस्तिकेत मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘धावती प्रत्येक खुर्ची म्हणजे तुमच्या दाराशी आलेलं गिऱ्हाईक.’ लिहिलं तेव्हा मला ते आवडलं होतं. त्यात किती खुर्च्या रिकाम्या धावतात, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

मारुंजीत मी ज्या इमारतीत भाड्याने राहते, तिचे मालक तळमजल्यावर राहतात. मी त्यांना काका म्हणते, त्यांच्या पत्नीला काकू. पूर्वी त्या जागी त्यांचं शेत होतं, आता तीन मजले आणि बारा भाडेकरू आहेत. शेतावर इमारत उठण्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं काकांनी पौड ते चांदणी चौक वडाप केलं. म्हणजे जीपमध्ये मावतील त्याहून चार माणसं जास्त बसवायची आणि गाडी भरली की सुटायचं. अजूनही ते बोलताना टेबलावर तळहाताने दोन थापा मारतात, जणू जीपच्या पत्र्यावर मारून ड्रायव्हरला ‘चल’ म्हणतायत. त्यांची सून आम्हा भाडेकरूंसाठी आणि शेजारच्या इमारतींसाठी खानावळ चालवते. तिच्या हातच्या आमटीची चव सांगायची तर मला एक अख्खं पान लागेल.

ती पुस्तिका माझ्या टेबलावर काकांनी पाहिली. भाडेपावती द्यायला वर आले होते, उभ्याउभ्याच वाचू लागले, मग खुर्ची ओढून बसले.

“ह्ये तुमी लिवलंय, म्याडम?”

“हो. मराठीतलं सगळं.”

“लई भारी लिवलंय,” ते म्हणाले, आणि पुस्तिका घेऊन खाली गेले.

मी सुखावले. त्या सुखाची मला पुढे बराच काळ लाज वाटली.

पंधरा दिवसांत सगळं ठरल्यासारखं झालं. पिरंगुटला औद्योगिक वसाहतीत एक शेड बघून ठेवली. तिथे मोठं स्वयंपाकघर उभारायचं, सुनेने ते चालवायचं, आणि रोज पहाटे गाडीची न्याहारी पुण्याच्या स्थानकावर पोचवायची. कंपनी अनामत मागत होती. शिवाय वाफेच्या शेगड्या, शीतगृह, दहा-बारा माणसं. हातातलं सगळं इमारतीत गेलेलं. उरलं होतं एकच. पौडच्या अलीकडे ओढ्याकाठी काकूंचं भाताचं खाचर. ते काकांचं नव्हतं. काकूंच्या वडिलांनी लेकीला चोळीबांगडीसाठी म्हणून दिलेला तो तुकडा, कागदावरही तिच्याच नावाचा. तो विकायचा, तर पौडच्या कचेरीत सही काकूंना करावी लागणार होती. गिऱ्हाईकही ठरलं होतं, पुढच्या महिन्यात विसार घ्यायचा होता.

काकांनी आंधळेपणाने उडी घेतली असं कुणी म्हणू नये. एवढी वर्षं रस्त्यावर धंदा केलेला माणूस. त्यांनी गाडी स्वतः बसून पाहिली. पण चांगल्या कामाला जायचं म्हणून पंचांग उघडलं, आणि दाट मुहूर्ताचा दिवस काढला. आमच्या मुलखात शुभ दिवस एकट्या माणसासाठी कधी येत नाही, तो सगळ्यांसाठी एकदम येतो. त्या दिवशी दौंडपासून सोलापूरपर्यंत प्रत्येक गावात मांडव होते. गाडीत पैठण्या होत्या, आहेराच्या पिशव्या होत्या, मांडीवर हारांच्या टोपल्या घेतलेल्या करवल्या होत्या. एकही खुर्ची मोकळी नव्हती. काका परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने.

“मुंगी शिरंल एवढी जागा न्हाई,” त्यांनी जिन्यातच मला थांबवून सांगितलं. “तुमी लिवलंय ते अक्षर न् अक्षर खरं हाय.”

“काका, त्या दिवशी लग्नं होती.”

“मंग? लग्नं काय पुन्यांदा व्हायची न्हाईत?”

गाडीला नफा होतो की नाही हे मला ठाऊक नव्हतं. फक्त विशेषणं ठाऊक होती. पण त्या रात्री मला माझंच वाक्य टोचत राहिलं, चपलेत शिरलेल्या खड्यासारखं.

दुसऱ्या रविवारी गच्चीवर काकू कुरडया घालत होत्या. चिकाचा ऊन ऊन, किंचित आंबट वास सगळ्या गच्चीवर पसरला होता. मी कपडे वाळत घालत होते. काकूंनी सोऱ्या फिरवता फिरवताच, वर न बघता विचारलं,

“ताई, ती आगगाडी दररोज भरती का?”

“मला माहीत नाही, काकू.”

“लिवलंय तर तुमीच.”

“लिहिलंय. पण मी मोजायला गेले नव्हते.”

सोऱ्या थांबला. “म्हंजी सैपाक न चाखता वाढला म्हना की.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अवघड गेलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “मी न्हाई म्हनत न्हाई. त्यांचं मन मोडायचं नाय मला. पन माज्या बाचं खाचर हाय ते. सही करायची तर निदान खरं काय ते कळून करीन.”

“सूनबाई काय म्हणतात?”

“तिला इचारलंय कुनी?”

मी ओले कपडे तसेच बादलीत ठेवले आणि त्यांच्याजवळ बसले. आम्ही दोघींनी मिळून जो बेत केला, तो काकूंचाच होता. मी फक्त सोमवारच्या गर्दीबद्दल, सुट्ट्यांबद्दल, परीक्षांबद्दल काहीबाही बोलत होते. त्यांनी पिठाळ बोटाने खाली, घरातल्या खिळ्यावरच्या पंचांगाची दिशा दाखवली. “मंगळवारी अवस हाय,” त्या म्हणाल्या. “तवा बसून बघा.”

काकांनी आधी साफ नकार दिला. अवसेच्या मंगळवारी माणूस घरातनं पाय काढत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “तुमी न्हाई काढत. गाडी काढती का न्हाई?”

ते एकदम थबकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सुटती का हो अवसंला?”

“वेळापत्रकात रोज आहे, काका. आठवड्यातून एकच दिवस बंद, आणि तो मंगळवार नाही.”

“अवसंला मी जीप कधी भायेर काढली न्हाई,” ते पुटपुटले, आणि मला मंगळवारचं तिकीट काढायला सांगितलं. मी कचेरीत रजा टाकली. काकूंनी मला बजावलं, “तुमीबी जा संगं. येकल्यानं बघितलं तर पुन्यांदा चांगलंच दिसंल त्यांना.”

तर असा तो वास. सकाळी पुण्याच्या फलाटावर आम्ही डब्यात चढलो तेव्हा दारातल्या मुलीने हात जोडले, आणि तिच्यामागे डबाभर खुर्च्या पाठी ताठ करून बसलेल्या. आमच्या पुढे एक वृद्ध जोडपं, मागे लॅपटॉप उघडून बसलेला एक तरुण, खिडकीशी दोन बायका. बाकी पडदे. गाडी अगदी मिनिटाला सुटली. काकांनी उजवा हात उचलला आणि खुर्चीच्या बाजूवर थाप मारायच्या आधीच खाली घेतला. न भरताच सुटलेली गाडी त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आतून पाहिली असावी.

मग छतातून माझेच शब्द आले. गोड, घोटीव आवाजात कुणीतरी वाचलेले: ‘आपल्या सहवासाने हा प्रवास समृद्ध होवो.’ कुणाच्या सहवासाने, असा प्रश्न त्या रिकाम्या खुर्च्यांनीच विचारल्यासारखा वाटला. काका माझ्याकडे बघून हसले. “ह्येबी तुमीच का?” मी मान हलवली.

न्याहारीची ढकलगाडी आली. तिच्यासोबत डब्याच्या व्यवस्थापिका होत्या, चाळिशीच्या, मूळच्या लातूरकडच्या. ढकलगाडीवर खोक्यांचा मनोरा होता आणि खाणारे आम्ही सात. काकांनी आपलं खोकं उघडलं, उपमा बोटाने चाचपला, आणि विचारलं,

“ह्ये उरलेलं कुटं जातं, ताई?”

“परत. आणि परत गेल्याचे पैसे स्वयंपाकवाल्याला मिळत नाहीत. बसलेल्या माणसामागे एक, असा हिशेब.”

“मंग त्यानं कमी करून आनावं.”

“कमी आणलं आणि माणसं वाढली तर दंड. म्हणून तो रोज थोडं जास्तच करतो. आणि स्वयंपाकघर काय, माणसं पन्नास येवोत की पाचशे, तेवढंच पेटतं.”

काकांनी चमचा खाली ठेवला. “आन् तुमच्या मालकाचं?”

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून की काय त्या आमच्या शेजारच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या. “आमच्या कंपनीचंही तेच आहे, काका. डबे ओढून न्यायचे म्हणून रेल्वेला जे द्यावं लागतं ते किलोमीटरवर. खुर्चीत माणूस आहे की हवा, हे इंजिन बघत नाही.”

या ओढून नेण्याच्या आकारासाठी पुस्तिका लिहिताना मी शब्द शोधत बसले होते. दळणावळीसारखा ‘ओढणावळ’ असा एक केलाही होता. कंपनीने तो भागच काढून टाकायला सांगितला. मी तो काढला, कारण वाक्य त्यामुळे हलकं होत होतं.

“मग नफा होतच नाही का?” मी विचारलं.

“होतो की. शुक्रवारी, रविवारी तिकीट दुप्पट केलं तरी गाडी भरते. दिवाळीत तर विचारू नका. पण तेवढ्या दिवसांनी बाकीचे दिवस ओढायचे. आमच्या अर्धा तास पुढे सरकारी गाडी, पाठीमागे अजून एक, तिकीट निम्मं. ज्याला घाई नाही तो तिकडे, ज्याला घाई आहे तो समोर येईल त्या बसने. आमच्याकडे उरतो तो पाय पसरून बसायला मिळावं म्हणून पैसे देणारा.” त्या हसल्या. “तो माणूस आहे, काका. फक्त रोज नाहीये.”

भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसू लागलं. धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे, आणि त्यांच्यापलीकडे पाण्यावर सांडलेली फिकट गुलाबी रेघ. रोहित पक्षी असावेत. इतरही खिडक्यांतून तेच दिसत होतं, बघायला कुणी नव्हतं. मी सोलापूरच्या, आईच्या घराच्या वाटेवर होते, हे पाणी मी लहानपणापासून पाहत आलेय, पण इतक्या शांततेत ते कधीच पाहिलं नव्हतं. काका मात्र पाण्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर खुर्च्यांच्या ओळींवरून पुढे जात होती, मागे येत होती. ओठ हलत होते.

कुर्डुवाडीला गाडी थांबली. दारं उघडली. समोरच्या फलाटावर माणसं होती, बरीच. बोचकी, पत्र्याचे डबे, परीक्षेला निघालेली मुलं. ती सगळी मागच्या गाडीची वाट बघत उभी होती. काका उठले आणि दाराशी गेले. मला वाटलं, पाय मोकळे करायला. ते पायरीवर उभे राहिले, एका हाताने दांडा धरला, दुसरा हात डब्याच्या अंगावर दोनदा आपटला आणि त्यांच्या घशातून तो आवाज निघाला. पौडच्या नाक्यावर कित्येक वर्षं घुमलेला, शब्दांची टोकं झिजून गोटे झालेला आवाज.

“सोलापूर, सोलापूर, सोलापूर. चला, बसून जागा. सोलापूर.”

दारातली मुलगी दचकली. फलाटावरचे काहीजण हसले. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका बाईने खरंच विचारलं, “तिकीट किती, दादा?”

काकांनी सांगितलं. बाईने गाठोडं डोक्यावर सावरलं आणि म्हणाली, “तेवढ्यात माजं अख्खं घर जाऊन येतंय.”

“जागा हाय की पन.”

“जागा बघून करू काय?” ती म्हणाली आणि पलीकडे वळली.

दार लागलं. वेळ झाली होती. काका परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, एवढ्या गारव्यातही. मोहोळ मागे पडल्यावर ते बोलले. माझ्याशी नव्हे, समोरच्या पडद्याशी.

“धंदा वंगाळ न्हाई. पन ह्यो मोठ्या पोटाच्या मानसाचा हाय. ज्याला सहा दिस उपाशी राहून सातव्या दिवशी जेवता येतं, त्याचा. माजी जीप भरली न्हाई तर मी उबा ऱ्हायचो. हिला उबं ऱ्हाता येत न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आन् हिच्यामागं खाचर बांधायचं म्हंजी त्येबी रोज पळनार.”

“माझं वाक्य चुकलं होतं, काका.”

“वाक्य ब्येस हाय,” ते म्हणाले. “मुहूर्त माजा चुकला. चांगल्या दिवशी वाईट काय दिसतंय का कदी?”

सोलापुरात माझ्या आईने त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. परतीच्या गाडीत त्यांनी ती माझ्यासोबत खाल्ली, कंपनीच्या खोक्याला हात न लावता, आणि सुनेला हे जमवायला सांगितलं पाहिजे असं दोनदा म्हणाले. त्या बोलण्यात शेडचं, शेगड्यांचं, पिरंगुटचं नाव आलं नाही. गाडी रिकामीच होती आणि मी खिडकीला डोकं टेकून, महिनाभरात पहिल्यांदा, निर्धास्त झोपले.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. काकांनी कंपनीला कळवलं. विसार देणाऱ्या गिऱ्हाइकाला पौडला जाऊन स्वतः ‘नाही’ म्हणून सांगितलं. घरात त्यावर भाषण झालं नाही. काकूंनी फक्त पंचांग खिळ्यावरून काढून कपाटात टाकलं, आणि आठ दिवस काकांना तिथी विचारायला त्यांच्याकडे जावं लागलं, हे सूनबाईंनी मला हसत हसत सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी निराशा शोधत होते. ती नव्हती. “पहाटे दोनला उठून पाचशे माणसांचा उपमा?” त्या म्हणाल्या. “ताई, मला तुमचे तीस डबे पुष्कळ झाले.” कचेरीत मी पुस्तिकेची नवी आवृत्ती मागून घेतली. ते वाक्य काढलं, आणि त्या जागी न्याहारीच्या मोबदल्याची पद्धत साध्या भाषेत लिहिली. कंपनीने कुरकुर केली, पण ठेवली. वाचायला ते रुक्ष आहे. मला ते आवडतं.

ती गाडी अजून धावते. आता तिला नफा होतो की नाही ते मला माहीत नाही. कदाचित होतही असेल, आणि झाला तर त्या लातूरकडच्या बाईंसाठी मला आनंदच होईल.

उन्हाळ्यात एका सकाळी काकूंबरोबर मी एसटीने पौडच्या अलीकडे उतरले. खाचरात राब भाजायचा होता. रोपासाठी ठेवलेल्या तुकड्यावर पालापाचोळा, शेणी, वाळल्या फांद्या पसरून, वर मातीचा पातळ थर देऊन तो पेटवायचा. काका आधीच जीप घेऊन पोचले होते आणि लांबच्या बांधावर वाऱ्याची दिशा बघत उभे होते. धूर सरळ वर गेला, मग ओढ्याकडे कलला. भाजल्या मातीचा वास माझ्या ओढणीत शिरला. तो पुढे तीन धुण्यांतही गेला नाही आणि मी तो जाऊ नये म्हणूनच बहुधा ओढणी फारशी घासली नाही.

काकू कमरेवर हात ठेवून आपलं खाचर या बांधापासून त्या बांधापर्यंत बघत होत्या. चेहरा धुराने काळवंडलेला, डोळ्यांत पाणी, तेही धुराचंच. घाईचं काही नव्हतं. मी त्यांना विचारलं की, या वर्षी भाताचं बी कोणतं टाकणार?

त्यांनी पदराने कपाळ पुसलं, विस्तवाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून, जणू घरातल्या लेकीचं नाव सांगावं तशा, म्हणाल्या,

“इंद्रायणी.”